मळसूत्राला तेल

पौष शु॥ ३, शके १७८५. अमरावती.

संक्रांत. शाळा बंद. ताईने तिळाच्या पोळ्या केल्या. दोनच खाल्ल्या म्हणून रागावली. "चार सालं पुन्यात राह्यला तं पोट बी पुनेरी झालं तुहं." मोर्शी सोडून माझ्यामागे इथे आली. विधवा बाई, भावाचं पोट भरणं एवढाच तिचा संसार.

दुपारी आबाशेठचं बोलावणं. राजापेठेपलीकडे त्यांच्या रुईच्या दाबाचं आवार आहे. आजवर रस्त्यावरूनच पाहिलं होतं. मोठी चौकट, तीत उभं लोखंडी मळसूत्र, मनगटाएवढ्या आट्यांचं. खाली पेटीत रुई. मळसूत्राला चार दांडे आडवे, प्रत्येक दांड्याला दोन माणसं, आठ जण तेलघाण्याच्या बैलासारखे गोल फिरतात. फळी उतरते, रुई दबते. मग खालून दोर ओवून रुईचा गठ्ठा, म्हणजे गाठ, आवळायची.

शेठ म्हणाले, "विलायतेत रुई नाई, भाव चढला हाय. आता नाई तं कवा? पन गाडी भरते अन् आत नुसती हवा. गाठ याच्याहून घट्ट झाली पायजे. मास्तर, तुमच्या पुस्तकात काई हाय का?"

तीन वर्षं मुलांना पदार्थविज्ञान शिकवतो. पुस्तकात काय आहे असं मोठ्या माणसाने विचारलं ते आज पहिल्यांदा. आहे म्हणालो. लगेच म्हणालो.

पौष शु॥ ५

शाळेत तरफेचा धडा. अंगणात फळी, तिच्याखाली दगड, एका टोकाला जातं. जवळून दाबलं तर हलेना, दूरच्या टोकाला नुसता पंजा ठेवला तर उचललं. मुलं खूश. मी जास्त.

घरी हिशेब मांडला. दांडे आज चार हात. सहा केले तर तीच माणसं, तोच जोर, दाब दीडपट. ताईला सांगितलं. म्हणाली, "मंग आट हात कर ना." तिला वाटलं मी थट्टा समजेन. मी खरोखर विचार करत बसलो.

पौष शु॥ ६

दाबावर. करीम मिस्त्री भेटला. मळसूत्र मुंबईहून आलेलं, पण चौकट, पेटी, दांडे, सगळं त्याच्या हातचं, बाभळीचं. पन्नाशीचा, बोलणं कमी. दांडे लांब करायचे म्हटल्यावर लाकडाकडे बघत राहिला. मग, "होतीन. बाभूळ झेलून घेते. पन मास्तर, मानूस झेलते का ते बगा."

म्हटलं, माणसाला जास्त जोर लावायचाच नाही. तेच तर.

"जी," म्हणाला. हो नव्हे, नाही नव्हे.

पौष शु॥ ९

सहा हाती दांडे बसले. गाठ घट्ट येते, पण शेवटच्या दोन फेऱ्यांना मळसूत्र किंचाळतं. आटे कोरडे आहेत. पुस्तकात घर्षणाचं प्रकरण आहे: घर्षणात प्रेरणा वाया जाते, वंगणाने ती वाचते. मिस्त्रीला विचारलं, तेल का नाही घालत?

"मुद्दाम नाई घालत."

"का?"

"रगड हाय म्हनून थो उभा हाय." हाताने दाखवलं, मळसूत्र कसं जिथल्या तिथे राहतं. "मानसं हात सोडते, पानी पेते, गाठ बांधते, तवर थो हलत नाई. कोन धरते त्याले? रगड धरते."

शेठ मध्येच म्हणाले, मास्तर शिकलेले आहेत. मिस्त्री दांड्याकडे वळला. खरं तर मला त्याला अजून विचारायचं होतं. विचारलं नाही.

पौष शु॥ ११

एरंडेल घातलं. मळसूत्र लोण्यात फिरावं तसं फिरलं. एक शब्द नाही त्याचा. कालपेक्षा फळी वीतभर जास्त खाली. शेठनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं. शाळेला कप्पी, तराजू, हवेचा पंप, सगळं मुंबईहून मागवून देतो म्हणाले. हवेचा पंप! पुण्यातसुद्धा एकदाच पाहिला होता, काचेआडून.

दांड्यावरचा एक गडी, किसन, बार्शीटाकळीचा, हंगामापुरता आलेला. धिप्पाड, खांदे बैलासारखे. गाठ झाल्यावर माझ्याकडे आला. "मास्तर, लय हलकं जाऊन राह्यलं. पन एक सांगा. दांडा लांब झाला तं जोर कमी लागते, खरं हाय. पन मले चालाव जास्त लागते ना? गोल मोठा झाला."

मी बघतच राहिलो. हे पुस्तकात आहे. जोरात जे वाचतं ते अंतरात द्यावं लागतं. हे कळायला मला पुण्यात दोन महिने लागले होते. विचारलं, कुठे शिकलास? हसला. "पायानं."

त्याला शाळेत ये म्हणालो, दुपारी, मागे बसायला. येतो म्हणाला.

पौष शु॥ १४

किसन आला होता शाळेत. दारात बसला, आत बसायला तयार नव्हता. पडणाऱ्या वस्तूचा धडा होता. शेवटी विचारलं, "झाडावरचं फळ अन् वरचा मानूस संगच पडले तं संगच भुईवर येतीन?" येतील म्हटलं. "मानसाले जास्त लागन," म्हणाला. मुलं हसली. मला हसू आलं नाही, बरोबर होतं ते.

बायकोचं नाव सुभद्रा. सांगताना मान खाली.

पौष व॥ १

दाबावर एक गोष्ट घडली. गाठ बांधायला माणसांनी हात ढिले केले तेव्हा मळसूत्र आपोआप पाव फेरी मागे फिरलं. दोघांच्या पोटाला दांडे लागले. विशेष नाही. मिस्त्रीने बाभळीचा खुंट तासला, चौकटीला भोक पाडलं. फेरी संपली की खुंट आडवा घालायचा, दांडा त्याला अडतो. चांगली युक्ती. पण दर गाठीला खुंट घालायचा, ठोकायचा, परत काढायचा.

शेठना ते पटलं नाही. वेळ जातो. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हा खुंट लागतेच का?"

सगळे बघत होते. मी म्हणालो, आठही जणांनी हात सोडले नाहीत तर गरज नाही.

मिस्त्रीने खुंट उचलून चौकटीला टेकवून ठेवला.

पौष व॥ ४

शाळेत होतो. दुपार. माणूस धावत आला. दाबावर चला.

किसन गेला.

आणखी दोघांचे हात मोडले. तेलाचे थेंब खाली मातीत पडत होते, तिथे पुढच्याचा पाय घसरला, त्याने दांडा सोडला. बाकीच्यांनी धरून धरून किती धरणार. रुईने फळी वर फेकली, मळसूत्र उलटं सुटलं, चार दांडे हवेत गरगरले. जे खाली बसले ते वाचले. किसन गाठीखालचा दोर ओवायला वाकला होता, तो आवाज ऐकून उभा राहिला.

मी पोचलो तेव्हा पेटीतून रुई उसळून बाहेर आली होती, पांढरी, भाकरीसारखी फुगलेली. तिच्यावर थोडं

आता लिहवत नाही.

पौष व॥ ५

सकाळी दहन. भाऊबंद कोणी नाही, दाबावरच्या गड्यांनीच केलं. करीम मिस्त्री बाजूला उभा, शेवटपर्यंत.

घरी येऊन हिशेब केला. करायला नको होता. हात मांडायला लागला, थांबला नाही. दांडा चार हातांचा असता तर टोक तेवढ्याच वेळात लहान गोलात फिरलं असतं, कमी वेगाने आलं असतं. तेल नसतं तर फिरलंच नसतं. दोन्ही मिळून झालं. दोन्ही माझं.

मिस्त्रीने दोनच वाक्यांत सगळं सांगितलं होतं.

पौष व॥ ६

कचेरीतून चौकशीला आले. शेठनी सांगितलं, चौकट मिस्त्रीची, खुंट मिस्त्रीचा, खुंट का नव्हता ते त्याला विचारा. मिस्त्रीला नेलं. कोठडीत ठेवलाय. त्याची बायको फातमाबी कचेरीच्या पायरीशी भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. मी दुसऱ्या बाजूने गेलो.

पौष व॥ ७

शेठ घरी आले. जिन्नस काही आणला नाही, म्हणजे गोडीगुलाबीने आले नाहीत, हे लक्षात आलं. कागद पुढे केला. "तुमी यंत्राचे जानकार. एवढं लिवा: दुर्घटनेच्या वेळी खुंट लावलेला नव्हता, अन् खुंट लावाचं काम मिस्त्रीचं."

वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही वाक्यं खरी. खुंट लावलेला नव्हता. खुंट लावणं मिस्त्रीचं काम होतं. खोटा शब्द एकही नाही.

सही केली.

शेठ गेल्यावर ताई म्हणाली, "काय लिवलं?"

"जे खरं ते."

"मंग तोंड असं कावून केलं?"

पौष व॥ ९

वर्गात गणित दिलं आणि खिडकीत उभा राहिलो. एका मुलाने विचारलं, गुरुजी, किसनदादा येणार नाही का आता? त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

किसनची घोंगडी, पितळी लोटा, विळा गड्यांच्या खोलीत पडून आहे. घरी कोणी पोचवायचं? बातमी गाडीवाल्यांकडून गेलीच असेल. मी नेतो म्हणालो. दहा-बारा दिवसांची रजा लिहिली. शेठना आवडलं नाही, पण नको म्हणायला कारण नव्हतं.

पौष व॥ १०. वाटेवर.

बडनेऱ्यापासून रस्ता रुईच्या गाड्यांनी तुंबलेला. एकामागे एक, संपतच नाहीत. धूळ इतकी की पुढच्या बैलाची शेपटी दिसत नाही. गाडीवाले मजेत, गाणी म्हणतात. बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. एवढी बरकत या मुलखाने पाहिली नाही असं सगळे म्हणतात. एकाने विचारलं, गुरुजी, काय घेऊन चालले? घोंगडी म्हणालो.

पौष व॥ १३. बार्शीटाकळी.

पोचलो. घर गावाच्या कडेला. सुभद्रा अंगणात तूर पाखडत होती. शेजारणींनी तिला आत नेण्याचा प्रयत्न केला, ती म्हणाली बसतो इथंच, काम पडलं हाय. पंचविशीची असेल. लोटा हातात घेतला, उलटा करून पाहिला, जमिनीवर ठेवला.

"कसा गेला ते कोनी नीट सांगत नाई, गुरुजी. गाडीवाले म्हनते दांडा फिरला. लाकूड आपल्या मनानं फिरते का?"

"नाही. दाबलेली रुई खालून ढकलते. माणसं वरून धरून असतात. माणसांचा जोर कमी पडला की रुई जिंकते."

"रुई तं हलकी."

"वजन हलकंच. पण दाबलेली असली की सुटायला बघते."

थोडा वेळ सूप हलत राहिलं. मग, "मांगच्या साली थो त्याच दाबावर व्हता. म्हने, हात सोडून तंबाखू खातो आमी, दांडा जागचा हलत नाई. मंग यंदा कावून फिरला?"

हा प्रश्न कचेरीत कोणी विचारला नव्हता.

सांगितलं. दांडे लांब करा मी म्हणालो. तेल घाला मी म्हणालो. खुंटाची गरज नाही मी म्हणालो. रडेल, अंगावर येईल, शेजारणी मला हाकलतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. सूप खाली ठेवलं.

"हे तुमी तिकडं सांगतलं का? सायबाले?"

"नाही."

"मंग मले कावून सांगता? मी काय करू त्याचं?"

तिचा दीर वावरातून आला तेव्हा मी निघालो होतो. तिने थांबवलं नाही. पाणीही विचारलं नाही, आणि ते बरं झालं.

पौष अमावास्या. अकोला.

दामोदरकडे उतरलो. पुण्याला एकाच खोलीत राहायचो. साताऱ्याचा. आता इथल्या शाळेत मास्तर. दारातच म्हणाला, "ये, ये. तू तर प्रसिद्ध झालास." मला वाटलं किसन मेल्याची बातमी पोचली. तसं नव्हतं. इथल्या एका दाबावर लांब दांडे आणि तेल सुरू झालंय, पंधरा दिवस झाले. अमरावतीच्या मास्तरांची युक्ती म्हणतात तिला. आबाशेठनीच कुठल्याशा लग्नात सांगितली.

जेवता जेवता सगळं सांगितलं त्याला. तो ताटाकडे बघत म्हणाला, "झालं ते झालं. कागद बदललास तर दोन्ही कागदांनी बुडशील. नोकरी जाईल. मिस्त्री तरी सुटेल याची खात्री आहे का?"

नाही.

"मग?"

पण त्याच्या मागे लागून दाब कुठे आहे ते विचारून घेतलं.

माघ शु॥ १. अकोला.

सकाळी गेलो. दांडे आठ हातांचे. आठ! मी सहा सांगितले होते. मळसूत्र तेलाने चकाकत होतं. खुंट नाही, खुंटाला भोकसुद्धा नाही. बारा माणसं दांड्यांवर. एक गाठ अर्ध्यात.

मुकादमाला सांगितलं, थांबवा. अमरावतीला माणूस मेला या तेलाने. आधी बिचकला. नाव विचारलं. सांगितल्यावर हसायला लागला, गड्यांना ओरडून म्हणाला, "आयका रे! ज्यानं शिकवलं थोच म्हनते बंद करा." सगळे हसले. हसताना एकाचा हात ढिला झाला, मला दिसला.

म्हटलं, निदान हात सोडू नका, आधी खुंट करा. "शेठले इचारा." शेठ कुठे? "खामगावले."

मग काय झालं ते नीट आठवत नाही. भिंतीशी चूल होती, गड्यांचं जेवण शिजत होतं. बाजूला राखेचा ढीग. दोन ओंजळी राख आणि माती भरून चौकटीवर चढलो आणि आट्यांत कोंबली. तेलात राख कालवली गेली. मुकादम धावला. तोपर्यंत गड्यांनी एक रेटा दिला होता, मळसूत्र अर्ध्या हातावर अडलं आणि किंचाळलं. मग एकाने, म्हातारा होता, हात हळूच सोडले. दुसऱ्याने सोडले. दांडा जागचा हलला नाही. क्षणभर सगळे उभे. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता.

मुकादमाने मला खाली खेचलं. पागोटं पडलं, तुडवलं गेलं. पाठीवर दोन-चार बसल्या. फाटकाबाहेर काढलं. मागून त्याचा आवाज, "चिंध्या आना, पुसा ते. तेल आना."

दामोदरने पाठीला हळद लावली.

माघ शु॥ ५. अमरावती.

परत. ताईने पाठ पाहिली. रडली नाही, म्हणाली, "आता बोल. सगळं बोल. नाई तं मी मोर्शीले जातो." बोललो. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबाशेठनं जो कागद नेला थो परत आन."

परत मिळत नाही म्हटलं.

"मंग दुसरा दे."

माघ शु॥ ६

कचेरीत दुसरा कागद दिला. लांब दांडे, तेल, खुंट, तिन्ही बाबतींत सल्ला माझा, मिस्त्रीने तेलाविरुद्ध स्पष्ट सांगितलं होतं, खुंटही त्यानेच केला होता. अकोल्याच्या दाबाचंही लिहिलं. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "सही दोन्हीवर तुमचीच?" हो. "मग खरं कोणतं?"

"दोन्ही."

त्याने मान वर करून पाहिलं. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. "बोलावणं येईल," म्हणाला. अकोल्याला ताबडतोब कळवाल का विचारलं. ते दुसऱ्या जिल्ह्याचं काम म्हणाला.

माघ शु॥ ९

मिस्त्रीला भेटायला परवानगी मिळाली. गजाआड बसला होता, गुडघे छातीशी. वाळलाय. मी दुसऱ्या कागदाचं सांगितलं. ऐकत होता की नाही कळेना.

"कवा दिला?"

"शुद्ध षष्ठीला."

"अन् मी कवापासून बसलो इथं?" बोटांवर मोजलं, हळूहळू, एकेक. मग हात खाली टाकला. "जाऊ द्या. मास्तर, किसनची बायको भेटली का? मुलंबाळं?"

मुलं नाहीत म्हटलं.

"अल्ला," म्हणाला, आणि कपाळ गुडघ्यांना टेकवलं.

निघताना फातमाबी पायरीवर. या वेळी दुसऱ्या बाजूने गेलो नाही. तीच उठून बाजूला झाली.

माघ शु॥ १३

शाळाखात्याचा हुकूम. अकोल्याच्या दाबावरील गैरवर्तनाबद्दल आणि कचेरीत परस्परविरुद्ध जबान्या दिल्याबद्दल, चौकशी होईपर्यंत शाळेत जायचं नाही. किल्ल्या दिल्या. मुलांना काय सांगायचं कुणी विचारलं नाही. नवा मास्तर आला आहे, चांगला दिसतो, तरुण.

संध्याकाळी आबाशेठ. उभ्याउभ्याच. "मास्तर, खुंट लागत नाई हे कोन म्हनलं? धा लोकायनं आयकलं. तुमीच म्हनले. मी तं फकस्त इचारलं." खरं आहे. "मिस्त्री सुटन, मी सुटन. राह्यलं कोन?"

ताई आतून म्हणाली, "शेठ, पानसुपारी नाई मिळनार आमच्याकडं." एवढंच. मला हसू आलं, किती दिवसांनी.

माघ पौर्णिमा

शेठचा दाब पुन्हा सुरू. ऐकायला गेलो, फाटकाबाहेर उभा राहिलो. दांडे चार हातांचेच केलेत आता, कुणीतरी सांगितलं. तेल? गडी म्हणाला, कधी घालतात, कधी नाही. माल घाईचा असला की घालतात.

अकोल्याहून दामोदरचं पत्र नाही. दोन लिहिली.

माघ व॥ २

आज चौकशी. साहेबासमोर.

व्हरांड्यात बाकावर बसवलं. थोड्या वेळाने मिस्त्रीला दोन शिपायांमध्ये आणलं, त्याच बाकावर, हातभर अंतरावर. मग समोर बघतच तो म्हणाला, "अंदर गेल्यावर लंबं बोलू नका, मास्तर. पुस्तकातलं तं बिलकूल नको. सायेब थकते अन् मंग आयकत नाई. तेल कोनं घालाले लावलं, खुंट कोनं काढाले लावला, बस. दोनच गोष्टी."

आधी त्याला बोलावलं, मग मला. त्याने सांगितलं तसंच केलं. तेल मी. खुंट मी. शेठनी विचारलं होतं, पण उत्तर माझं होतं, आणि त्या उत्तरानंतर खुंट निघाला. एकदाही घर्षण हा शब्द उच्चारला नाही. अकोल्याचं सांगायला गेलो तेव्हा साहेब म्हणाला, ते या प्रकरणात नाही.

मग दुभाष्यामार्फत विचारलं: हे सगळं तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मग दुसऱ्या माणसाला पंधरा दिवस कोठडीत बसू का दिलं?

मिस्त्री तिथेच भिंतीशी उभा होता. त्याने मान वर केली नाही.

मी उभा राहिलो. कारकुनाची लेखणी थांबली. भीती, असं म्हणता आलं असतं. नोकरी, असंही. दोन्ही खरं, आणि पुरत नाही. बराच वेळ गेला असावा, कारण साहेबाने घड्याळ काढलं.

मिस्त्रीला परत कोठडीत नेलं. फातमाबीला आज भाकरी देऊ दिली नाही. निकाल परवा म्हणे.

कारकुनाने माझ्या जबानीत त्या प्रश्नाखाली चार ओळींची जागा कोरी सोडली आहे. म्हणाला, उद्या कचेरी उघडायच्या आत या, सुचलं तर लिहून द्या. नाही तर तशीच कोरी जाईल.

घरी आलो. ताईने ताट वाढलंय. अजून सुचलेलं नाही.